स्पॉन्सर पाहिजे

परवान्यावर माझं नाव बरोबर छापलं होतं, पत्ता बरोबर छापला होता, आणि त्याखाली जाड अक्षरात छापलं होतं : निष्क्रिय.

"हे काय?" माझ्या बायकोने, नेल्डाने, चष्मा कपाळावरून खाली ओढत विचारलं.

"तात्पुरतं असतं ते. सगळ्यांचंच असतं."

"पण हे सांगायला सरकारला एवढा अभ्यासक्रम आणि परीक्षा कशाला लागली? मला एक फोन केला असता तरी सांगितलं असतं."

घरं विकणाऱ्या एजंटाची परीक्षा मी ह्या वयात पास झालो होतो. बोटांचे ठसे दोनदा नाकारले जाऊन तिसऱ्यांदा मंजूर झाले होते. वर्षानुवर्षं शिकाऊ पोरांच्या शेजारी बसून डॅशबोर्ड घट्ट धरल्यामुळे माझ्या बोटांवर रेघाच उरल्या नाहीत, असं त्या ठसे घेणाऱ्या बाईचं मत पडलं. शाळेत गाडी चालवायला शिकवायचो मी. आमच्या टेक्सासात शाळेत काहीही शिकवणाऱ्या पुरुषाला 'कोच' म्हणतात, त्यामुळे आयुष्यात कधी चेंडूला लाथ न मारताही मी गावभर कोच स्टेगल. पुढे आईबापांनी आपापल्या पोरांना घरीच गाडी शिकवायची मुभा मिळाली आणि शाळेने माझा वर्ग बंद केला. आता चौकात ती पोरं गाडी चालवताना दिसतात तेव्हा मी फुटपाथवरूनसुद्धा ब्रेक दाबतो.

तर 'निष्क्रिय' म्हणजे काय, ते सांगतो. नव्या एजंटाने स्वतःच्या जिवावर काही विकायचं नसतं. कुणा तरी ब्रोकरने त्याला आपल्या नावाखाली घ्यावं लागतं, त्याच्या चुकांची जबाबदारी उचलावी लागते. अशा ब्रोकरला म्हणायचं स्पॉन्सर. तो मिळेपर्यंत तुम्ही कुत्र्याचं खोपटंसुद्धा विकू शकत नाही. मला वाटलं होतं, स्पॉन्सर काय, गल्लीत मिळतील. एवढ्या भरवशावर मी माझा फोटो असलेली पाचशे कार्डं छापून मोकळा झालो होतो.

आणि मला घाई होती. शेजारच्या ओपलबाई नवरा फ्रँक गेल्यापासून एकट्या होत्या. माकडहाड मोडल्यापासून त्यांना एकटं राहणं जमेना. मुलीकडे, टल्साला, कायमचं जायचं ठरलं. घर विकायचं. ओपलबाईंनी कुंपणावरून मला बजावलं, "वेल्डन, घर तूच विकायचंस. फ्रँकने हाताने बांधलंय ते. त्या ब्रोकर टिफनीच्या हाती दिलं तर ती बुलडोझरवाल्याला विकेल." पण त्यांची मुलगी रोंडा शनिवारी येणार होती, आणि टिफनीच्या कराराचे कागद तिने आधीच मागवून ठेवले होते. शनिवारपर्यंत मला स्पॉन्सर मिळाला तर घर माझं, नाही तर टिफनीचं. आणि टिफनीचं झालं, तर मी माझ्या मेहुण्याचा.

मेहुण्याचा म्हणजे डॉयलचा. डॉयलचा सेप्टिक टँक उपसायचा धंदा आहे. चांगला चालतो, मी नावं ठेवत नाही. पण डॉयलने माझ्या मापाचा शर्ट शिवून, खिशावर 'वेल्डन' भरतकाम करून, आमच्या दाराच्या खुंटीला आणून अडकवला होता. "घाई नाही हो भावजी," तो म्हणायचा, "टँक काय, भरतच असतात." सकाळ-संध्याकाळ येताजाता तो शर्ट माझ्याकडे बघायचा.

पहिल्यांदा मी टिफनीकडेच गेलो. प्रतिस्पर्ध्याकडे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण गावात ब्रोकर दोनच, त्यातली मोठी ती. किराणा दुकानातल्या प्रत्येक ढकलगाडीवर, जिथे लहान बाळाला बसवतात, तिथे टिफनीचा हसरा फोटो आहे. गावातली एक अख्खी पिढी तिच्या चेहऱ्यावर बसून वाढली.

"कोच!" ती खुर्चीतून उठून आली. "तुम्ही मला पार्किंगमध्ये नापास केलं होतंत, आठवतं?"

"तू कचऱ्याचा डबा चिरडला होतास."

"म्हणूनच तर मी आज इथे आहे! नापास होण्यातून शिकले." मग ती एकदम गंभीर झाली. "कोच, तुमचं 'का' काय आहे?"

"काय का?"

"तुम्ही हे का करताय? आतून?"

"पोटासाठी."

"त्याच्याही आत?"

त्याच्याही आत सेप्टिक टँक होता, पण ते मी बोललो नाही. तिने माझा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं की माझी ऊर्जा तिच्या टीमच्या ऊर्जेशी जुळत नाही. मी घरी येऊन नेल्डाला विचारलं, माझी ऊर्जा कशी आहे. ती म्हणाली, "कसली?"

दुसरा ब्रोकर होमर टिडवेल. रानं आणि गोठे विकणारा म्हातारा. त्याने मला पूर्ण बोलूही दिलं नाही.

"ये की. बस. ती खुर्ची जिमची, आता तुझी."

"जिम कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला."

मी जिमच्या खुर्चीत जरा कडेलाच बसलो. होमरने हात पुढे केला, मी हात मिळवला, आणि घरी येताना नेल्डासाठी फुलं घेतली. ती फुलं सुकायच्या आत कळलं की हात मिळवणं सरकारला चालत नाही. ब्रोकरने कॉम्प्युटरवर जाऊन स्वतः 'मान्य' असं दाबावं लागतं. होमरकडे कॉम्प्युटर होता. त्याच्यावर त्याने टोपी ठेवली होती.

पासवर्ड जिमला माहीत होता.

मी ऑस्टिनला, परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ गिटार ऐकल्यावर एक मुलगी आली. अतिशय गोड बोलली. म्हणाली, पासवर्ड बदलायचा तर जुना पासवर्ड लागेल, किंवा ब्रोकरने लहानपणी पाळलेल्या पहिल्या जनावराचं नाव. मी ते होमरला विचारलं.

"पाळलेलं म्हणजे? गुरंढोरं धरून?"

"हो, धर."

"दोनशे होती की रे. सगळ्यांना नावं कोण ठेवतो?"

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी होमरने फोन माझ्या हातातून घेतला. टेक्सासात माणसाने हात मिळवल्यावर आणखी कशाची गरज पडत असेल तर हा धंदा आपल्याला नको, असं त्या मुलीला सांगितलं, आणि खरोखरच स्वतःचा परवाना भिंतीवरून काढून फ्रेमसकट पोस्टाने परत पाठवला. मी स्पॉन्सर शोधायला निघालो आणि गावात होते त्यातला एक ब्रोकर कमी करून आलो.

बुधवार उजाडला. जेवण जाईना. खुंटीवरच्या शर्टाला नेल्डाने इस्त्री केली होती.

बुधवारी संध्याकाळी आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेची बैठक असते. पंचवीसतीस माणसं. कुणाला काही अडचण असली तर उभं राहून सांगायची, मग सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. बहुतेक गुडघे आणि पित्ताशय ह्यांच्यासाठीच असते. मी कधी काही मागत नाही, मला अवघडल्यासारखं होतं. पण त्या दिवशी जीव इतका टांगणीला लागला होता की मी उठलो. नेल्डा मागच्या खोलीत लहान मुलं सांभाळत होती, नाही तर पुढचं काही घडलंच नसतं.

"मित्रहो," मी म्हणालो, आणि माझा आवाज कापला, "मला मोकळेपणाने सांगायचंय. मी सध्या निष्क्रिय आहे. माझ्या एकट्याच्याने आता काही होणार नाही. मला स्पॉन्सरची गरज आहे. लवकर मिळाला नाही तर माझं काही खरं नाही. प्रार्थना करा की मला चांगला स्पॉन्सर मिळो."

पंचवीसतीस माना एकदम माझ्याकडे वळल्या.

मग ब्रदर गेलन, आमचे पास्टर, व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्यांनी मला घट्ट मिठी मारली. त्यांच्या मागून बाकीचे आले. ड्वेन हार्डवेअरवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भारावून गेलो. आपल्या गावाला जमीनजुमल्याच्या धंद्याबद्दल इतकी आस्था असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, मला ती कळायला पुरा एक दिवस लागला. आमच्याकडे 'स्पॉन्सर' आणखी एकाला म्हणतात. दारू सोडू बघणाऱ्यांच्या बैठका असतात. तिथे जो आधी सुटलेला असतो, तो नव्याला सांभाळतो. रात्री-अपरात्री तलफ आली की नवा त्याला फोन करतो. त्यालाही स्पॉन्सरच म्हणतात. आणि दारू पाप मानणाऱ्या बॅप्टिस्टांच्या गावात दारू म्हणजे काय चीज आहे, ते काय सांगावं! आमच्यातली दोन माणसं दारूच्या दुकानात समोरासमोर आली तर एकमेकांना ओळखत नाहीत.

मी कधी दारू प्यालो नाही. धर्माचं सोडा, पोटाला सोसत नाही. पण गावाने त्या बुधवारी ठरवलं, कोच दारुड्या आहे.

गुरुवारी सकाळपासून घरी जेवणाचे डबे यायला लागले. चिकन आणि नूडल्स, ट्यूना आणि नूडल्स, नुसत्याच नूडल्स. नेल्डा म्हणाली, "नोकरी गेल्याचं आत्ता कळलं वाटतं ह्यांना." ड्वेन तर स्वतः डबा घेऊन आला आणि पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"कोच, किती दिवस झाले?"

"सहा आठवडे होतील," मी म्हणालो. परीक्षेला झाले होते तेवढे.

"सहा आठवडे! शाब्बास!" त्याने माझी पाठ थोपटली. "आणि आधी? कसं चालायचं?"

"गॅरेजमध्ये. रात्री सगळे झोपल्यावर. नेल्डाला कळू द्यायचं नव्हतं."

"अरेरे. कळलं कसं?"

"एकदा सकाळी तशीच झोप लागली मला गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून. सगळं समोर पसरलेलं." पुस्तकं म्हणायचं होतं मला.

ड्वेनने डोळे पुसले. "रागावली असेल."

"नाही हो. म्हणाली, करायचंच असेल तर स्वयंपाकघरात बसून कर, उजेड तरी आहे."

ड्वेन बराच वेळ माझ्या घराच्या दाराकडे बघत राहिला. "थोर बाई आहे," तो म्हणाला.

दुपारी ब्रदर गेलनचा फोन आला. हळू आवाजात म्हणाले, "ब्रदर वेल्डन, आज संध्याकाळी मेथडिस्टांच्या चर्चच्या तळघरात एक बैठक असते. नव्या लोकांना तिथे स्पॉन्सर मिळतात. मी स्वतः चौकशी केलीय. जाल ना?"

जाल ना! मी तर उडालोच. अशी सोय असते आणि मला कुणी सांगितलं नाही! मी टाय लावला. केसांना पाणी लावलं. पाचशेतली शंभर कार्डं खिशात घातली आणि वेळेच्या आधी जाऊन पोचलो.

तळघरात गोलात खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात कॉफी. तिथे कोण कोण होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की बँकेतले ते... नाही, तेही नको. माझी जरा गल्लत होत होती, कारण ह्यातला एकही माणूस ब्रोकर असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पण म्हटलं, बाहेरगावचे असतील, जोडधंदा असेल.

"आज कुणी नवीन आलंय का?" एकाने विचारलं.

मी ताडकन उठलो. "मी वेल्डन स्टेगल, आणि मी रिअल इस्टेट एजंट आहे."

"हाय, वेल्डन," सगळे एका सुरात म्हणाले. किती शिस्त! मी आणखी खूश झालो.

"आडनाव नाही सांगितलं तरी चालतं," शेजारची बाई कुजबुजली.

"छे छे, लपवायचं काय आहे!" मी म्हणालो, आणि गोलात फिरून प्रत्येकाच्या हातात माझा फोटो, पूर्ण नाव, पत्ता आणि फोन असलेलं कार्ड ठेवलं. लोक ते कार्ड पेटत्या काडीसारखं चिमटीत धरून बसले. मग मी थोडक्यात माझी व्यथा मांडली. होमरकडे गेलो होतो, त्याचं माझ्यामुळे सगळंच संपलं. टिफनीने तर घेतलंच नाही. शनिवारच्या आत सक्रिय व्हायचं आहे.

"कसलीही घाई करू नका," कुणीतरी समजुतीने म्हणालं.

मी बसलो. माझ्यानंतर एक मोठा, रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "मी रॉय, आणि मी दारुड्या आहे."

"हाय, रॉय."

काय सांगू तुम्हाला. कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. बुधवारची मिठी, ट्यूना, ड्वेनचे डोळे, गॅरेज, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण मी तळघरातच होतो, ह्याहून खाली जायची सोय नव्हती.

उठून पळायला हवं होतं. पण दार रॉयच्या पलीकडे होतं आणि रॉय रडायला लागला होता. त्याची मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती. तिच्या लग्नात तो केकवर पडला होता. एवढा मोठा माणूस असा रडत असताना त्याच्या अंगावरून ओलांडून 'माफ करा, मी चुकून आलो' म्हणून कसं जायचं? बसून राहिलो. रॉयनंतर आणखी चौघे बोलले. मी माझी काळजी विसरून ऐकत राहिलो, हे खरं सांगतो. शेवटी खुर्च्या आवरायला लागलो, तेव्हा चांदीसारख्या केसांची, काउबॉय बूट घातलेली एक उंच बाई माझ्या कार्डाकडे बघत जवळ आली.

"तुम्ही पीत नाही," ती म्हणाली.

"नाही हो बाई."

"थेंबसुद्धा?"

"पोटाला सोसत नाही."

ती हसायला लागली. आधी हळू, मग कॉफीच्या टेबलाला धरून. डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्षं येते मी इथे. शुद्धीत चुकून आलेला पहिला माणूस तुम्ही. कळल्यावर उठून का नाही गेलात?"

"तो बोलत होता ना. मध्येच उठायचं कसं?"

हसणं थांबलं तिचं. "माझ्या हाताखालचा एकही एजंट गिऱ्हाइकाचं पाच मिनिटं ऐकून घेत नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तुमच्या हाताखालचा कोण?"

तिचं नाव व्हर्लीन. शेजारच्या जिल्ह्यात तिची ब्रोकरची कचेरी होती, नावाजलेली. आडनाव सांगत नाही. तिने माझं कार्ड उलटसुलट केलं. "पहिली गोष्ट, हे कार्ड बेकायदेशीर आहे. ह्याच्यावर ब्रोकरचं नाव नाही. जा, एकूणएक गोळा करून आणा." मी पार्किंगमध्ये धावत जाऊन एकेकाच्या खिडकीवर टकटक करून कार्डं परत मागितली. सगळ्यांनी आनंदाने दिली. दुसरी गोष्ट तिने जिन्यावर सांगितली.

"मी तासभर गाडी हाकत ह्या गावात येते ती एवढ्याचसाठी, की तिकडे कुणाला माहीत नाही. माझ्या चर्चला नाही, कचेरीत नाही, मुलाला नाही. आपली ओळख इथे झाली हे तुमच्या तोंडून कधी निघता कामा नये. बायकोजवळसुद्धा."

मी कबूल केलं. तिने फोन काढला, अंगठ्याने दोनदा दाबलं, आणि म्हणाली, "झालं." एवढंच! जिमचा पासवर्ड नाही, गुरंढोरं नाहीत. शुक्रवारी सकाळी सरकारच्या पानावर माझ्या नावापुढे शब्द बदललेला होता : सक्रिय. मी नेल्डाला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "वा! मग आता कचरा बाहेर ठेव."

बैठकीला चुकून गेल्याचं मी नेल्डाला सांगितलं, फक्त व्हर्लीनचं सोडून. ब्रोकर कुठून मिळाली म्हणाली, तर म्हटलं, ओळखीतून. तोपर्यंत किराणा दुकानात दोघींनी तिच्या गळ्यात पडून 'किती सोसलंस गं' म्हणून झालं होतं. नेल्डा अशी पेटली की विचारू नका. "रविवारी चर्चमध्ये मी उभी राहणार आणि एकेकाला सांगणार! माझा नवरा आळशी असेल, घोरत असेल, पण पीत नाही!" ती निळा झगा काढून इस्त्रीला बसली. मला बरं वाटलं. रविवारी माझी अब्रू परत मिळणार होती, फक्त शनिवार पार पडायला हवा होता.

शनिवारी ओपलबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो. ओपलबाई, रोंडा, मी आणि व्हर्लीन. बर्फाचा चहा होता, अक्रोडासारख्या पिकनची गोड 'पाय' होती. रोंडा पन्नाशीची, नीटनेटकी, ओठ मिटून बसणारी. तिने टिफनीचे कागद टेबलावर डावीकडे ठेवले होते, आमचे उजवीकडे.

"मिस्टर स्टेगल," ती म्हणाली, "आईचा तुमच्यावर जीव आहे. तुमच्या ब्रोकरबाईंचं नावही चांगलं आहे. पण तुमच्याबद्दल मी ऐकलंय. टिफनीने सांगितलं, काळजीपोटी. ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही त्याच्या हाती मी हे घर कसं देऊ?"

"मी पीत नाही," मी म्हणालो. "आयुष्यात कधी प्यालो नाही."

रोंडा हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. "शब्दसुद्धा तेच. माझे बाबा मागच्या शेडमधून भिंतीला धरून यायचे आणि हेच म्हणायचे. 'मी पीत नाही. कधी प्यालो नाही.'"

मी ओपलबाईंकडे पाहिलं. त्या चहा ढवळत होत्या. इतकी वर्षं शेजारी राहून मला फ्रँकचं हे माहीत नव्हतं. शेडमध्ये तो खुर्च्या दुरुस्त करतो असं आम्ही समजायचो.

"गुरुवारी तुम्ही त्या तळघरात होतात की नव्हतात?" रोंडाने विचारलं.

"होतो. पण चुकून गेलो होतो."

"चुकून! तिथे चुकून कोण जातं? कुणी सांगेल का तसं? आहे कुणी?"

माझ्या डाव्या हाताला व्हर्लीनने ग्लास खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता, पण मान ताठ होती. "रोंडा," ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगते. मी स्वतः—"

त्या क्षणी मला काय काय वाटलं ते सांगायला वेळ लागेल, वाटायला लागला नाही. एवढं एक वाक्य तिने पुरं केलं की माझी अब्रू परत. रविवारची वाटसुद्धा बघायला नको. आणि मला अब्रूची किती हौस आहे हे नेल्डाला विचारा, मी दारासमोरच्या टपालपेटीतलं पत्र आणायलाही टाय लावून जातो. पण त्या बाईने दोन दिवसांपूर्वी माझ्यासाठी अंगठा दाबला होता, आणि आता ती स्वतःला उघडं करायला निघाली होती, तेही माझ्यासाठीच.

"मी पितो," मी म्हणालो.

व्हर्लीन गप्प झाली. मीही दचकलो, कारण आवाज माझाच होता.

"म्हणजे पीत होतो. खोटं बोललो मी तुमच्याशी, रोंडा. मी दारुड्या आहे." हातापायांना कंप सुटला होता, त्यामुळे ते फारच खरं वाटलं असणार.

रोंडा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता हिचा हात डावीकडच्या कागदांवर जाणार. मनातल्या मनात मी डॉयलचा शर्ट अंगात घातला, बटणं लावली.

"बाबा हे एकदाही म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "शेवटी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसून होते. वाटायचं, आता म्हणतील. एवढंच म्हटलं असतं तर मी..." तिने तोंडावर हात धरला. मग दुसऱ्या हाताने उजवीकडचे कागद ओढले आणि सही केली. सही वेडीवाकडी आली. ती उठून मागच्या अंगणात निघून गेली, शेडच्या बाजूला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या बाईचं रडू मी खोटं बोलून मिळवलं होतं. बाहेर गाडीजवळ व्हर्लीन बराच वेळ किल्ल्या चाळवत उभी राहिली. "एजंटने गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली. "पहिला नियम आहे. पहिल्याच दिवशी मोडलात." मग माझ्या टायची गाठ तिने सरळ केली, आणि ती गाडीत बसून निघून गेली.

घरी आलो तर नेल्डा इस्त्रीच्या टेबलाशी. निळा झगा पसरलेला. "सही झाली?" म्हणाली, आणि मी मान हलवली तशी तिने टाळी वाजवली. "उद्या एवढी अब्रू धुऊन काढली की झालं!" तिने भाषण पाठ म्हणून दाखवायला सुरुवात केली. मी मध्ये बोलू बघत होतो. काय बोलणार होतो, देव जाणे. कारण सांगायची सोय नव्हती.

एवढ्यात जाळीचं दार वाजलं. ओपलबाई. कुबडी टेकत अंगण ओलांडून आल्या होत्या, धाप लागली होती.

"नेल्डा," त्या दारातूनच म्हणाल्या, "उद्या चर्चमध्ये काही बोलू नकोस."

"अहो, पण ओपलबाई, हा पीत नाही!"

"मला सांगतेस? खोकल्याचं औषध घेतलं तरी घेरी येते त्याला." त्या खुर्चीत बसल्या, कुबडी मांडीवर आडवी धरून. "फ्रँक प्यायचा. मेला तरी कबूल झाला नाही. आज माझ्या टेबलाशी बसून हा त्याच्या ऐवजी 'मी पितो' म्हणाला. कशासाठी म्हणाला ते त्याचं तो जाणे. पण रोंडा आत्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. लहानपणानंतर आज पहिल्यांदा." त्या थांबल्या. "राहू दे तेवढं."

नेल्डाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खूप वेळ माझ्याकडे. मी खाली बघत उभा होतो.

तिने इस्त्रीचा प्लग काढला, निळा झगा परत कपाटात ठेवला, आणि ओपलबाईंना कॉफी चालेल का म्हणून विचारलं.